धोंड्यातला शेवटचा शुक्रवार

नातीचं, स्वराचं, जावळ काढलं ते दोन हजार बावीस साल. त्याच साली झुंबरबाईनं गावाकडच्या घराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि लेकीच्या घरी जालन्याला राहायला आली. जावयाच्या घरात राहायचं तिच्या मनात कधीच नव्हतं. पण लेक तृप्ती म्हणाली, "माय, तू न्हाई आली तर पोरीला कुलपात ठेवून जाऊ का आम्ही?"

घर मस्तगडात होतं, वरच्या मजल्यावर, भाड्याचं. जावई रामप्रसाद एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता. रात्री वीज स्वस्त पडते म्हणून तिथली भट्टी रात्रीच पेटते, त्यामुळे भट्टीवरच्या माणसाला दिवस म्हणून काही राहत नाही. तृप्ती परतूरच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची. रोज सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. जालन्यातली निम्मी माणसं अशीच. कोणी औरंगाबादकडं पळतंय, कोणी परतूर-सेलूकडं, आणि बाहेरची माणसं पळत जालन्याला येताहेत. सगळे त्याला अप-डाऊन म्हणतात.

झुंबरबाईला ह्याची मोठी गंमत वाटायची. तिचं गाव परतूरपासून कोसावर. लेकीला तिथून उचलून जालन्याला दिली, आणि लेक पोटासाठी रोज उलटी परतूरलाच चालली.

"मंग लग्नात एवढा खर्चा करून तुला इकडं धाडली कशाला?" ती तृप्तीला म्हणायची.

"रोज परत यायला," तृप्ती म्हणायची आणि चपला घालायची.

नवरा-बायकोत एकच स्कूटर होती. तृप्ती सकाळी ती घेऊन स्टेशनवर जायची, राजानंदच्या स्टँडवर लावायची, किल्ली त्याच्याकडं द्यायची आणि गाडी धरायची. गाडीचं शेपूट दिसेनासं होतंय तोवर कारखान्याची बस चौकात यायची. त्यातून रामप्रसाद उतरायचा, राजानंदकडून किल्ली घ्यायचा आणि त्याच स्कूटरवर घरी यायचा. संध्याकाळी सगळं उलटं. तो स्कूटर लावून बसमध्ये चढायचा, मागून तृप्तीची गाडी यायची. राजानंद म्हणायचा, "तुमच्या दोघांपेक्षा तुमच्या स्कूटरचा संसार बराबर चाललाय."

रामप्रसाद उंच, तृप्ती ठेंगणी. स्कूटरचा आरसा तो सकाळी वर फिरवायचा, ती संध्याकाळी खाली. डिकीत काहीबाही निघायचं. तिच्यासाठी एखादी मोसंबी, त्याच्यासाठी घडी घातलेला कोरडा शर्ट. झुंबरबाईला हे माहीत होतं, कारण एकदा भाजीची पिशवी ठेवायला तिनं डिकी उघडली होती. मोसंबी बघितली, परत जागच्या जागी ठेवली आणि भाजी हातात धरूनच वर आली.

फोन दोघांकडंही होते. पण एक जागा असला की दुसरा झोपलेला. भट्टीपाशी फोन चालत नाही, दवाखान्यात साहेब बघत राहतो. उरलेल्या वेळात फोनवर गॅस संपल्याचं आणि नळाला पाणी न आल्याचंच बोलणं व्हायचं. त्यात एकदा पाण्यावरून दोघांचं वाजलं. तेव्हापासून निरोप झुंबरबाईच्या तोंडून जायला लागले. ती मुळात मायाळू, त्यातून सासू. निरोप जसाच्या तसा पोचवणं तिला जमायचं नाही.

रामप्रसाद जेवताना म्हणायचा, "मामी, तिला म्हणा गॅसचा नंबर लाव." संध्याकाळी झुंबरबाई तृप्तीला सांगायची, "जावईबापू म्हणत होते, माझी राणी दमून येती, तिला सवड झाली तर गॅसचा नंबर लावावा."

तृप्ती खो खो हसली. "माय, 'राणी' शब्द त्यांच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारला न्हाई. तू सिरियलमधलं सांगून राह्यली."

"मला काय करायचं? म्हणले ते सांगितलं," झुंबरबाई म्हणाली आणि पोरीला भरवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गॅसचा नंबर मात्र लागला होता.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. म्हणजे रामप्रसाद शुक्रवारी सकाळी यायचा आणि ती एक रात्र घरी असायचा. तेव्हाही जमायचं नाही. तृप्ती दमलेली, पाठ टेकली की डोळा लागायचा. ह्याच्या अंगाला रात्र जागायची सवय लागलेली. तो उशाशी बसून राहायचा आणि पंख्याचा वारा तिच्या तोंडावर येतो की नाही एवढंच बघायचा. रविवारी ती घरी असायची तेव्हा तो रात्रपाळी करून आलेला, मेल्यासारखा झोपलेला. ती स्वराला सारखी म्हणायची, "हळू बोल, बाबा झोपले." पोरीला वाटायचं बाबा म्हणजे झोपणारा माणूस.

हे सगळं झुंबरबाई बघत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. तिला धोंडा करायचा होता.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जोडीनं पाटावर बसवायचं, कणकेत पुरण भरून केलेले धोंडे वाढायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा वाणात द्यायचा, कपडे करायचे. लग्नानंतरचा पहिला धोंडा तर टळूच नये. पण तृप्तीचा पहिला धोंडा करोनाच्या साली आला आणि कुणाला कुठं जाता आलं नाही. पुढच्या तीन वर्षांत तृप्तीचे वडील गेले. आता तेवीस सालच्या श्रावणात अधिक आला होता, आणि झुंबरबाईच्या छातीत अधूनमधून कळ यायला लागली होती. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"इथंच कर की, माय," तृप्ती म्हणाली. "आम्ही दोघं काय पाहुणे हाव का?"

"ज्यांच्या घरात दोन वेळ जेवून राह्यले, त्यांनाच त्यांच्या ताटात वाढू आन् म्हणू धोंडा केला? लोक तोंडात शेण घालतील."

"लोक कुठंयत? खाली किराणावाला आन् वर कबुतरं."

"मला माझ्या घरात वाढायचंय," झुंबरबाई म्हणाली. "माझ्या चुलीवरचं, माझ्या पाटावर. तुझ्या बापानं केलेले पाट हायत ते. एक डाव तरी दोघांनी बसावं त्याच्यावर."

तृप्ती मग महिन्यातले शुक्रवार मोजायला लागली.

पहिल्या शुक्रवारी तृप्तीच्या दवाखान्यातली दुसरी बाई आजारी पडली. दुसऱ्या शुक्रवारी परतूरला डेंगूची साथ आली आणि दवाखान्याबाहेर रांग लागली. तिसऱ्या शुक्रवारी भट्टीचं काहीतरी बिघडलं, ती दुरुस्त करायला रामप्रसादला दिवसाही थांबवलं. प्रत्येक वेळी अनारशाचं पीठ भिजलेलं असायचं. प्रत्येक वेळी झुंबरबाई ते तळून शेजारी वाटायची. मस्तगडात त्या महिन्यात अनारशाला कुणी नाही म्हणत नव्हतं.

चौथा शुक्रवार शेवटचा. पुढच्या बुधवारी अधिक संपणार होता.

झुंबरबाईनं ह्या वेळी कुणावर सोडलं नाही. तृप्तीला म्हणाली, "रजा मागू नको. रजा मागितली की बिघडतं. सकाळी रोजच्यासारखी गाडीत बस. परतूरला उतरल्यावर साहेबाला फोन कर, म्हण माय आजारी हाय." रामप्रसादला म्हणाली, "जावईबापू, त्या सकाळी तेवढी तिची गाडी धरा. तिकडं आपल्याच घरी झोपा. जेवायला उठवू. सांजच्या गाडीनं परत."

"मामी, बस येईस्तोवर गाडी जाती."

"मंग बसनं येऊ नका."

रामप्रसाद हसला. त्यानं भट्टीवरच्या कल्याणला विचारलं. कल्याण म्हणाला, "शेवटचा तास मी बघतो, तू माझ्या मोटरसायकलवर जा, मी मागून बसनं येऊन ती नेतो. पण सासुरवाडीहून येताना अनारसे आण. नुसतं गोड बोलून भागायचं न्हाई." गावाकडं भावकीतल्या दीपमालाला झुंबरबाईनं निरोप धाडला, तसं तिनं शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढलं, घर झाडलं, सारवलं, पाट धुऊन वाळत घातले. पुरण झुंबरबाईनं जालन्यातच वाटून घेतलं होतं. डब्यात धोंडे, दुसऱ्या डब्यात अनारसे, पिशवीत टॉवेल, ड्रेसचं कापड आणि तृप्तीला साडी. धोंडे तिकडं चुलीवर एक वाफ देऊन गरम करायचे होते.

शुक्रवारी सकाळी ती स्वराला कडेवर घेऊन रिक्षानं स्टेशनवर आली. तृप्ती स्कूटर लावून आधीच उभी होती. झुंबरबाईनं खिडकीतून तीन तिकिटं काढली.

"माझा पास हाय की," तृप्ती म्हणाली.

"असू दे तुझा पास. आज तू नोकरीला चालली न्हाई. माहेरी चालली."

गाडी लागली. रोजच्या अप-डाऊनवाल्या बायकांत ज्योत्स्ना म्हणून एक मास्तरीण होती, ती आत घुसली आणि खिडकीतून पिशव्या घेऊन तिनं समोरासमोर दोन बाकडी धरली. "या मावशी, या. आज जावयाची स्वारी म्हणं?" सगळ्या बायका खिडकीतून वाकून बघायला लागल्या. तृप्ती पदर सारखा करत होती. झुंबरबाईला लेकीच्या लग्नाची आठवण झाली. मांडवात नवरदेव यायला उशीर झाला होता, तेव्हाही पोर अशीच खाली बघत बसली होती.

गाडीनं शिट्टी दिली आणि रामप्रसाद जिन्यावरून धावत आला. अंगावर भट्टीचेच कपडे, कानाच्या पाळीला काजळी. बायकांनी आरडून त्याला डबा दाखवला. तो आत आला, धापा टाकत तृप्तीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आलो."

"दिसतंय," तृप्ती म्हणाली.

"अगं, दोन वर्षांनी नवरा गाडीत बसला, एवढंच?" ज्योत्स्ना म्हणाली.

"मंग काय ओवाळू का इथं?"

बायका हसल्या. रामप्रसादही हसला. त्याला काही सांगायचं होतं, बहुतेक कल्याणचं. त्यानं तोंड उघडलं, जांभई आली आणि वाक्य राहून गेलं. गाडी गावाबाहेर पडली, सोयाबीन आणि कपाशीची शेतं लागली, तोवर त्याचा डोळा लागला होता. आधी मान पुढं पडली, मग एका धक्क्यानं डोकं तृप्तीच्या खांद्यावर आलं.

तृप्ती आधी ताठ झाली. भोवती एवढी माणसं. मग तिनं हळूच खांदा खाली केला, त्याला टेकायला नीट व्हावं म्हणून. त्याच्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते, त्यांच्यावरून तिनं बोट फिरवलं. एक डाग नवा होता. तिथं बोट थांबलं.

समोरच्या बाकड्यावरून झुंबरबाई बघत होती. बायकांच्या गप्पा आपोआप हळू झाल्या. ज्योत्स्नानं उन्हाच्या बाजूची खिडकी ओढली. स्वरा म्हणाली, "बाबा झोपले," आणि स्वतःच तोंडावर बोट ठेवलं.

रांजणी गेलं. तृप्तीचा तो हात बधिर झाला असणार, पण ती हलली नाही. तिनं आपलं डोकं त्याच्या डोक्यावर टेकवलं. तिचेही डोळे मिटले होते, पण ती जागी होती. झुंबरबाईला ते कळत होतं. लेकराचं झोपेचं सोंग आईला कळतंच.

परतूर जवळ आलं तशी डब्यात उठाउठ झाली. ज्योत्स्नानं पिशवी खांद्याला लावली आणि वाकून म्हणाली, "तृप्ती, आलं गं परतूर."

तृप्तीनं डोळे उघडले. ती रोज डोळे झाकूनही ह्या स्टेशनवर उतरली असती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग समोर आईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते झुंबरबाईनं लेकीच्या लहानपणी पाहिलं होतं, जत्रेतून घरी चल म्हटल्यावर.

झुंबरबाईचा हात कनवटीला गेला. किल्ली होती तिथं. दीपमालानं घर सारवलं असेल. पाट वाळले असतील. कोसावर घर, पायाखालची वाट, तीन वर्षं मनात घोकलेला दिवस. गाडी थांबली. उतरणारी माणसं उतरली, चढणारी चढली.

"उठवू का, माय?" तृप्तीनं विचारलं.

झुंबरबाईनं डबे मांडीवर घट्ट धरले.

"राहू दे," ती म्हणाली. "हलू नको. झोपू दे त्यांना."

गाडी सुटली. ज्योत्स्ना फलाटावरून खिडकीशी पळत आली, "अगं, उतर की! ए मावशी!" झुंबरबाईनं तिला हात केला, जसा निरोप देताना करतात. परतूर मागं गेलं. गावाकडं जाणारा रस्ता रुळाच्या बाजूनं थोडा वेळ दिसला, एक बैलगाडी दिसली, मग रस्ता वळला. झुंबरबाई तो वळेपर्यंत बघत राहिली.

रामप्रसाद सेलूजवळ जागा झाला. खिडकीबाहेर बघितलं आणि ताडकन उठला. "हे कुठलं? परतूर कुठंय?"

"मागं," तृप्ती म्हणाली.

"मागं म्हंजी? उठवलं का न्हाई? मामी, तुमचं घर..."

"घर कुठं पळून चाललं का?" झुंबरबाई म्हणाली. "लई दिसांनी बसली होती दोघं शेजारी. उठवायचं पाप कुणी घ्यावं?"

"तीन वर्षं वाट बघितली तुम्ही मामी, आन् मी झोपून राह्यलो." त्यानं कपाळावर हात मारला. "माझं डोकंच ठिकाणावर न्हाई."

"हाय ठिकाणावर. तिच्या खांद्यावर होतं," झुंबरबाई म्हणाली, आणि तृप्ती तोंडाला पदर लावून हसली.

सेलूला ते उतरले. तृप्तीनं साहेबाला फोन करून माय आजारी असल्याचं सांगितलं, तेव्हा माय शेजारीच भजे खात होती. दीपमालालाही फोन केला. ती चिडली, मग म्हणाली, पाट परत माळ्यावर ठेवते. परतीची गाडी दुपारची होती. झुंबरबाईनं पुन्हा स्वतःच खिडकीशी जाऊन जालन्याची तिकिटं काढली. आता परतूरला उतरून कोसभर चालत घर गाठावं तर सांजची गाडी हुकली असती, आणि जावयाला आज रात्री पाळी नसली तरी उद्या होती आणि अजून अंग टाकायचं होतं.

दुपारच्या गाडीत गर्दी नव्हती. अप-डाऊनवाले आपापल्या कामावर. आख्खं बाकडं मोकळं. झुंबरबाईनं पिशवीतला नवा टॉवेल काढला, बाकड्यावर अंथरला.

"बसा. जोडीनं बसा."

"इथं?" तृप्ती म्हणाली. "तुलाच आपलं घर पाहिजे होतं."

"ह्या बाकड्याचं तिकीट कुणी काढलं? मी. मंग जालना येईस्तोवर हे माझं घर. गप बस."

दोघं बसली. झुंबरबाईनं कुंकू लावलं. दिवा गाडीत पेटवता येत नव्हता, म्हणून तो तसाच ताटात ठेवला आणि तसाच ओवाळला. धोंडे गार झाले होते, तूप थिजलं होतं. रामप्रसादनं पहिला घास घेतला आणि मान हलवली. पलीकडच्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता, रामराव नावाचा, परभणीकडून येणारा. त्यानं विचारलं, "धोंडा हाय का?" झुंबरबाईनं हो म्हटलं आणि त्यालाही वाढलं. त्यानं टोपी सारखी केली, जणू पंगतीला बसला, आणि खाल्ल्यावर जोडीला आशीर्वाद दिला.

परतूर परत आलं तेव्हा रामप्रसादच्या तोंडात अनारसा होता. तृप्तीनं आईकडं बघितलं. झुंबरबाई स्वराचं तोंड पुसत होती. तिनं खिडकीकडं पाठ केली होती.

"पुढचा धोंडा घरी, मामी," रामप्रसाद म्हणाला. "पाटावर. मी आदल्या रात्रीच येतो. नोकरी गेली तरी चालंल."

"नोकरी नको घालवू. नुसता ये," झुंबरबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून जावयाला अरे-तुरे निघालं होतं. कुणी ते मनावर घेतलं नाही.

जालन्याला राजानंद स्टँडवर उभाच होता. "अहो, सकाळपासून स्कूटर हितंच! न्यायला कुणी आलंच न्हाई. माझ्या जिवाला घोर. कुणाला इचारावं तेही कळंना." झुंबरबाईनं त्याच्या हातावर अनारसे ठेवले, कल्याणचे वेगळे बांधून जावयाकडं दिले. स्वराला घेऊन ती रिक्षात बसली. रिक्षा वळताना तिनं बघितलं. रामप्रसाद स्कूटरवर बसला होता, तृप्ती मागं. आरसा आदल्या संध्याकाळी तृप्तीनं खाली फिरवला होता, तसाच होता. त्यानं सवयीनं हात नेला, आणि तसाच राहू दिला.

शनिवारी परत सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. झुंबरबाई निरोप पोचवत राहिली. फक्त आता ती काही वाढवून सांगत नव्हती, तरी तृप्ती हसायची.

झुंबरबाई दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला सकाळी जालन्याच्या घरातच छातीतल्या कळेनं गेली. तेव्हा तृप्तीची गाडी सुटली होती आणि रामप्रसादची बस अजून चौकात आली नव्हती.